कोरडी क्लच प्लेट

गुरुजींची मारुती ८०० माझ्याकडे पहिल्यांदा आली ती २००६ सालच्या जूनमध्ये. पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि गॅरेजसमोर डबकं साचलं होतं. गाडी त्यात पाच मिनिटं उभी राहिली असेल, तेवढ्यात पाण्यावर निळा-जांभळा तवंग पसरला. गुरुजी उतरले आणि छत्री उघडायच्या आधी त्या तवंगाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा. घरी फरशीवर, शाळेच्या पटांगणात, जाईल तिथं हेच. दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनीही सील बदललं. आता तुम्ही बघा."

मी खाली वाकलो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं एकमेकांना जोडलेले असतात, त्या बेल हाउसिंगच्या सांध्याखाली एक काळा थेंब लोंबत होता. तो फुगला, लांबला, सुटला आणि त्याच जागी दुसरा जमायला लागला. त्या जागी थेंब दिसला की रिअर ऑइल सील गेलं, हे गॅरेजातल्या नव्या पोरालाही पाठ असतं. क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येऊन फ्लायव्हीलला मिळतो तिथं हे सील बसतं. ते गेलं की ऑइल बेल हाउसिंगच्या आत उतरतं आणि तळाच्या सांध्यातून बाहेर पडतं. मी गुरुजींना सांगून टाकलं, "आधी हलकं सील घातलं असणार. मी चांगलं घालतो."

ह्या कामाला अख्खा दिवस जातो. बॅटरी काढायची, क्लचची केबल सोडवायची, गिअरचे रॉड, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, आणि मग इंजिनाला आधार देऊन गिअरबॉक्स खाली घ्यायचा. सील स्वतः एखाद्या कड्यासारखं असतं, त्याची किंमत मजुरीच्या पासंगालाही पुरत नाही. प्रेशर प्लेट सोडवली, क्लच प्लेट हातात आली. मी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि बाजूच्या पोत्यावर ठेवली. ती कोरडी होती. बेल हाउसिंगच्या आत क्लचच्या झिजेची काळी भुकटी बसलेली असते, तीही कोरडी होती. फुंकर मारली तर उडाली. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण मी सील बदलायला बसलो होतो, म्हणून सील बदललं.

नवव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. फरशीवर पुन्हा डाग.

रागावले नव्हते ते. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मला झोप आली नाही आणि डोळ्यांसमोर ती पोत्यावर ठेवलेली प्लेट होती. रिअर सील खरंच गळत असतं तर आतली भुकटी ऑइलनं भिजली असती. ऑइल प्लेटवर उडालं असतं तर चढावर क्लच घसरला असता, जळका वास आला असता. गुरुजी मलकापूरहून येतात, त्यांना आंबा घाट नवा नाही. क्लच घसरतो अशी तक्रार त्यांनी एकदाही केली नव्हती. म्हणजे बेल हाउसिंग आतून कोरडं आणि बाहेरून ओलं होतं. ऑइल आतून येतच नव्हतं, ते वरून कुठून तरी उतरून तिथं नुसतं टपकत होतं. मला हे शिकवलेलं होतं. आणि फार चांगल्या माणसानं शिकवलेलं होतं.

मी कामाला लागलो ते १९८९ साली, दहावी झाल्यावर, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. तेव्हाचं उद्यमनगर म्हणजे गल्लीच्या एका टोकाला फौंड्री, मध्ये चार लेथ, दुसऱ्या टोकाला बोअर करणारा, आणि दिवसभर कापलेल्या लोखंडाचा वास. आमचे मेस्त्री त्या वासातच वाढलेले. पहिलं वर्षभर त्यांनी मला पाना दिला नाही; घासलेटचा डबा, ब्रश आणि वेस्ट दिली. इंजिन धुणं हे हलकं काम आहे असं मला वाटायचं. मेस्त्रींना ते सगळ्यात जोखमीचं काम वाटायचं, कारण धुताना पुरावा जातो. म्हणून धुण्याआधी ते मला बॅटरी हातात देऊन गाडीखाली पाठवायचे आणि वरून विचारायचे, "काय दिसतंय?"

"ऑइल आहे, मेस्त्री."

"ऑइल हाय ते मलाबी ठावं हाय. ओलं हाय का वाळलंय?"

ह्यातच निम्मं काम असतं. जुन्या पाझरावर धूळ बसत जाते आणि तिचा खरवडून निघणारा थर होतो, नांगराच्या फाळाला चिकटलेल्या मातीसारखा. तो थर कोरडा असेल तर तिथली गळती जुनी आहे, कदाचित थांबलेलीही आहे. ताज्या गळतीची जागा चकाकते आणि आसपासच्या जागेपेक्षा स्वच्छ असते, कारण वाहतं ऑइल मळ आपल्याबरोबर घेऊन जातं. इंजिनावरची सगळ्यात स्वच्छ रेघ ही बरेचदा गळतीची वाट असते. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मेस्त्रींचं दुसरं सांगणं होतं ते वाटेबद्दल. "ऑइल खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं जातं. थेंब हाय तिथं बघू नगंस. वर बघ, फुडं बघ. सगळ्यात वरची ओली जागा घावल्याबिगर पान्याला हात लावायचा न्हाई, मर्दा." टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तर ऑइल हेडवरून ब्लॉकवर, ब्लॉकवरून चेंबरच्या, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या, कडेवर येतं आणि गिऱ्हाईक सांगतं, चेंबर गळतंय. ऑइल प्रेशरचा स्विच गळला तर तिथं ऑइल दाबाखाली असतं, बारीक फवारा उडतो आणि अर्धं इंजिन भिजतं. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर एकावर एक दोन रबरं बसतात आणि डबाभर ऑइल बाहेर येतं. तीन वेगळ्या जागा आणि जमिनीवर डाग मात्र एकाच ठिकाणी.

थेंब बोटावर घ्यायचा, हे तिसरं. इंजिन ऑइल वापरात काळं पडतं आणि त्याला जळका वास असतो. गिअर ऑइलचा वास गंधकाचा, एकदा नाकात गेला की विसरत नाही. ब्रेक ऑइल बोटाला पातळ लागतं आणि रंगावर सांडलं तर रंग उचलून काढतं. कूलंट हिरवं किंवा लाल, पाण्यासारखं, वास गोडसर. आज पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि एसीचं पाणीही ह्यात आलं. एसीचं पाणी बघून घाबरून आलेली माणसं दर उन्हाळ्यात येतात, त्यांना हात लावून बघायला सांगतो आणि पैसे न घेता परत पाठवतो.

मग धुवायचं. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड ह्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, ब्रशनं सांधा न् सांधा घासायचा, हवेनं वाळवायचं. आणि वाळल्यावर पुरचुंडी. मेस्त्री पातळ फडक्यात शंखजिऱ्याची पूड बांधून ठेवायचे आणि इंजिनाच्या संशयाच्या बाजूवर ती हलक्या हातानं आपटायचे. इंजिन पांढरं व्हायचं. मग गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणायची आणि बॉनेट उघडायचं. पांढऱ्यावर पाझर कुठूनही सुटला तरी लपत नाही. आता त्या जागी ऑइलमध्ये घालायचा रंग आणि निळा-जांभळा उजेड टाकणारी बॅटरी मिळते. मी ती घेतली आहे, चांगली आहे. पण गॅरेजातला टाल्कम पावडरचा डबा मी अजून हलवलेला नाही.

पाना हातात आला तेव्हा पहिलं काम मिळालं टॅपेट कव्हरचं पॅकिंग. कॉर्कचं होतं. मी दहाचा पाना शेवटाला धरून जोर लावून कसला, पुन्हा गळू नये म्हणून. कॉर्क दोन बोल्टांच्या मध्ये बाहेर फुगलं आणि फाटलं. मेस्त्रींनी नवं पॅकिंग दिलं आणि पाना कसा धरायचा ते दाखवलं: मूठ नाही, दोन बोटं आणि अंगठा, आणि तेही पान्याच्या डोक्याजवळ. तिथं धरलं की हाताला ताकद लावताच येत नाही. त्या बोल्टांना थोडाच ताण पुरतो, त्यापेक्षा जास्त लावला तर पत्रा बोल्टाच्या भोकाभोवती वर उचलला जातो आणि मग कितीही नवं पॅकिंग घाला, मधली जागा दबत नाही. असा वाकलेला पत्रा, कव्हरचा असो वा चेंबरचा, सपाट ठोकळ्यावर पालथा ठेवून, भोकांभोवती हलक्या हातोडीनं एकेक करून सपाट करावा लागतो. आमच्याकडं आलेल्या गळतीच्या गाड्यांमध्ये किती गाड्या ढिल्या बोल्टांमुळे आल्या आणि किती जास्त कसलेल्या बोल्टांमुळे, ह्याचा मी हिशोब ठेवला नाही, पण माझा हात मला सांगतो की कसलेल्यांचा गट मोठा आहे.

अँबेसेडरवरही मी शिकलो. तिचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश, आणि त्याच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नव्हतंच. क्रँकशाफ्टवरच आट्यासारखी वळणदार खाच कापलेली होती. शाफ्ट फिरला की ती खाच बाहेर येऊ पाहणारं ऑइल मागे आत ढकलायची. फिरत असताना हे छान चालायचं. गाडी थांबली की ढकलणारं कोणी उरायचं नाही आणि उतारावर उभी केली तर दोन-चार थेंब पडायचेच. सरकारी ऑफिसातले एक साहेब दर महिन्याला तक्रार घेऊन यायचे. मेस्त्रींनी त्यांना बाकावर बसवून, कागदावर शाफ्ट काढून हे समजावलं आणि काम केलं नाही. मला तेव्हा नवल वाटलं, समोर आलेलं काम कोण सोडतं? आज कळतं, कुठली गळती दुरुस्त करायची नाही हे सांगता येणं हासुद्धा धंद्याचाच भाग आहे.

तर एवढं सगळं पाठीशी असताना मी गुरुजींच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवला होता, तोही नुसता थेंब बघून.

गाडी पुन्हा आली तेव्हा मी गुरुजींना म्हणालो, "मला दोन दिवस द्या. पहिला दिवस मी नुसता बघणार आहे." त्यांनी किल्ली दिली आणि एसटीनं गेले.

बॅटरी घेऊन मी वरून बघायला सुरुवात केली. ह्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला असतो, टायमिंग बेल्टच्या उलट्या बाजूला, म्हणजे बरोबर गिअरबॉक्सच्या वर. कॅमशाफ्ट त्याला फिरवतो, म्हणून त्याच्या घरात ऑइल असतंच आणि ते बाहेर येऊ नये म्हणून तिथं पॅकिंग आणि ओ-रिंग असते. त्या घराच्या खाली, जिथं हात जात नाही आणि नजरही वाकडी करूनच जाते, तिथं एक स्वच्छ रेघ होती. दोन्ही बाजूंना मळाचा थर आणि मध्ये बोटाच्या निम्म्या रुंदीची चकाकणारी पट्टी. मी धुतलं, वाळवलं, पावडर मारली आणि गाडी काढली. केर्ली फाट्यापर्यंत काही नाही. मग जोतिबाचा डोंगर चढलो. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं. वर पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं तेव्हा पांढऱ्या पावडरीतून एक तपकिरी धागा खाली उतरताना दिसला. डिस्ट्रिब्युटरच्या सांध्यातून निघून तो हेडच्या मागून ब्लॉकवर, ब्लॉकवरून बेल हाउसिंगच्या माथ्यावर आणि तिथून बाहेरच्या बाजूनं सांध्याच्या कडेकडेनं खाली गेला होता. सरळ रिअर सीलच्या जागेवर.

डोंगरावर वारा होता, भाविक येत-जात होते. मी बराच वेळ तो धागा बघत उभा राहिलो.

ओ-रिंग काढली. नवी ओ-रिंग बोटांत दाबली तर दबते आणि सोडली की परत गोल होते. ही चपटी झाली होती, कडा धरून चौकोनी झाली होती आणि वाकवल्यावर वाळलेल्या शेंगेसारखी मोडली. वय झालं होतं तिचं, उष्णतेत रबर असंच होतं. कोणाची चूक नाही. नवी ओ-रिंग आणि पॅकिंग मिळून चहा-नाश्त्याच्या पैशात आलं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करून ठेवावी लागते, नाहीतर टायमिंग बिघडतं. एवढं सांभाळलं की काम तासाभराचं. त्यानंतर ती गाडी गळली नाही.

गुरुजी आले तेव्हा मी त्यांना मोडलेली ओ-रिंग दाखवली, आणि आधी घेतलेली गिअरबॉक्सची मजुरी त्यांच्यासमोर ठेवली. सांगितलं की त्या दिवशी क्लच प्लेट कोरडी होती, मी ती हातात धरली होती आणि तरी पुढं गेलो. ते गणित शिकवायचे. म्हणाले, "काही पोरं उत्तर आधी लिहितात आणि मग पायऱ्या त्याला जुळवतात. उत्तर बरोबर आलं तरी मी त्यांचे गुण कापतो." त्यांनी पैसे मोजून खिशात ठेवले. ते त्यांनी घेतले म्हणून मला हलकं वाटलं.

त्या गाडीनंतर माझ्या कामात एक बदल झाला. सील, पॅकिंग, ओ-रिंग ही गळतीची जागा असते, गळतीचं कारण असतंच असं नाही, हे मी रोज स्वतःला बजावू लागलो. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला एका जीपनं दिलं.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचे आबा, त्यांची जुनी डिझेल जीप. ऊस कारखान्याला गेला आणि मग जीप दोन-अडीच महिने गोठ्याच्या भिंतीला लागून उभी. बाहेर काढली तर जिथून शक्य आहे तिथून ऑइल. पुढच्या सीलातून, चेंबरच्या पॅकिंगमधून, आणि डिपस्टिक तर जागेवरून दोन बोटं वर आलेली. आबा म्हणाले, "इंजिन संपलं वाटतं. फुल पॅकिंग सेट घाला, हाफ इंजिन करा, काय करायचं ते करा." मी ऑइल भरायचं झाकण उघडून चालू इंजिनावर हात धरला. झाकणातून जोराचा वारा येत होता. ह्याला आमच्यात बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा अंश त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये येतोच. त्याला बाहेर जायला वाट ठेवलेली असते, तो ब्रीदर. जुन्या इंजिनांना खाली उघडा सोडलेला साधा पाइप, पुढच्या गाड्यांना पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि इनटेककडे जाणारा पाइप. इंजिन श्वास सोडतं तो ह्या वाटेनं. ही वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर सांधा शोधून तिथून ऑइल बाहेर ढकलतो. नवं सील घातलं तर नवं सील ढकलतो.

एरवी हात धरून वारा लागला की मन रिंगांकडं जातं. पण जीप उभी करण्याआधी बरी चालत होती, आणि उभ्या गाडीच्या रिंगा दोन महिन्यांत एवढ्या झिजत नाहीत. मी ब्रीदरचा पाइप सोडवला. त्याचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. गुळगुळीत, बोटानं सारवावं तसं. कुंभारीण माशीचं घर. लांब खिळा घालून ते फोडलं तर मातीचे एकामागं एक कप्पे निघाले आणि कप्प्यांत तिनं पिल्लांसाठी भरून ठेवलेले वाळके कोळी. आबांनी ते तळहातावर घेतले. पाइप धुऊन बसवला, इंजिन चालू केलं, झाकणावर हात धरला. वारा नव्हता. डिपस्टिक दाबून बसवली ती बसून राहिली. पुढचं सील दाबानं ओठ उलटून बसलं होतं, तेवढं एक बदलावं लागलं. हाफ इंजिनाचे पैसे आबांनी त्या वर्षी विहिरीच्या मोटारीवर खर्च केले.

आता कुठलंही सील बदलायच्या आधी मी ब्रीदर बघतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला तर आत टकटक वाजायला हवी. वाजत नसेल तर तो चिकटला आहे. अशा गाडीत इंजिन संथ चालू असताना ऑइलच्या तोंडावर कागद ठेवला तर तो हलकेच आत ओढला जायला हवा. कागद उडाला तर आधी श्वासाची वाट मोकळी करायची, सीलाचं नंतर बघायचं. वाट मोकळी असूनही उडाला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि मग सीलावर घातलेला पैसा वाया जाणार हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं.

सील बसवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण इथंही घाई होते. सीलाच्या आतल्या ओठामागं केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग असते, ती ओठ शाफ्टवर दाबून धरते. सील वेडंवाकडं ठोकलं की ती स्प्रिंग उडून पडते, आणि ठोकणाऱ्याला कळतही नाही. ओठाला आधी ऑइलचं बोट लावायचं, कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो. आणि जुनं सील काढल्यावर शाफ्टवरून नखाची कड फिरवायची. नख अडलं तर जुन्या ओठानं तिथं खाच पाडली आहे. नवं सील त्याच खाचेत बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून गळणार. बसायला जागा असेल तर सील मिलिमीटरभर अलीकडं-पलीकडं ठेवायचं, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागेवर येतो.

सिलिकॉनच्या ट्यूबबद्दल मात्र मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. वस्तू चांगली आहे, काही सांध्यांना कंपनीच ती वापरायला सांगते, पातळ एकसंध रेघ, दोन-तीन मिलिमीटरची. पण गळती शोधण्याऐवजी बाहेरून सिलिकॉन थापणं, किंवा पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लोणी लावल्यासारखं फासणं ह्यानं इंजिनं मरतात. सांधा दाबला की जेवढं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही जातं. ते सुटतं, चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. माझ्याकडं एक गाडी खडखडाट घेऊन आली होती. चेंबर उतरवला तर जाळीवर राखाडी सिलिकॉनच्या शेवया गुंडाळलेल्या. बेअरिंगं गेली होती, क्रँकशाफ्टला ओरखडे पडले होते. मालकीणबाई म्हणाल्या, गळती तर थांबली होती.

थेंबभर ऑइलनं काय होतं, असंही लोक विचारतात. ढोबळ हिशोब करू. एका मिलिलिटरला ऑइलचे साधारण पंचवीस-तीस थेंब होतात. दर दहा मिनिटांना एक थेंब धरला तर दिवसाला १४४ थेंब, म्हणजे पाचेक मिलिलिटर, वर्षाला पावणेदोन ते दोन लिटर. मारुती ८०० च्या इंजिनात ऑइल मावतं तीन लिटरच्या आतबाहेर. आणि बरेच जण ज्या लाल दिव्याच्या भरवशावर असतात तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा पंपाला ओढायला ऑइल उरलेलं नसतं. शिवाय ऑइल टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्ट फुगून तुटतो, गरम मॅनिफोल्डवर गेलं तर धूर येतो, आणि घाटात ते पेटूही शकतं. म्हणून गळती दुरुस्त होईपर्यंत दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक पुसून बघायची सवय मी प्रत्येक गिऱ्हाइकाला लावतो.

नव्या गाड्यांत गळती कमी झाली आहे, हे मान्य करायला हवं. पॅकिंग कॉर्कचं नाही, घडीव रबराचं येतं, बरीच वर्षं टिकतं. पण ऑइलही पातळ झालं आणि इंजिनाखाली प्लास्टिकचा पत्रा आला. गळलेलं ऑइल आधी त्या पत्र्यावर साचतं आणि जमिनीवर पहिला डाग पडतो तेव्हा आत वाटीभर जमलेलं असतं, तेही वाऱ्यानं इकडंतिकडं पसरलेलं. अशा गाडीत थेंबाच्या जागेवरून काहीच सांगता येत नाही. माझ्याकडं शिकणाऱ्या पोरांना मी ते खालचं प्लास्टिकचं झाकण काढून, पालथं न करता, तसंच आडवं धरून बाहेर आणायला सांगतो. ऑइल त्यावर कुठं दाट आहे ते बघायचं असतं. आणि पहिलं वर्ष मीही त्यांना ब्रश देतो.

वाचकांना एक विनंती आहे. गाडीखाली डाग दिसला तर रात्री इंजिनाच्या खाली वर्तमानपत्राचं मोठं पान पसरा, त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवा, आणि पुढची दोन चाकं कुठं आहेत ते पेनानं पानावर लिहा. सकाळी ते पान घडी न घालता गॅरेजला घेऊन या. येताना गाडी धुऊन आणू नका, इंजिन तर मुळीच धुऊ नका. आणि कोणी डाग बघितल्याबरोबर गिअरबॉक्स उतरवायचा म्हणाला, मग तो मी असलो तरी, त्याला विचारा की ब्रीदर बघितला का, आणि सगळ्यात वरची ओली जागा कुठं आहे.